न टांगलेली बादली

(व्हर्माँटच्या डोंगरातलं टेनी हॉलो गाव. मार्चमधली वार्षिक ग्रामसभा, जेवणाची सुट्टी. सभागृहाखालच्या तळघरातलं स्वयंपाकघर. ऑरिन थिबो भांडी घासतोय. त्याची मुलगी कोरीन पुसतेय, तिच्या छातीशी झोळीत तान्ही आयडा. चुलीपाशी विनी कोलबर्न.)

विनी : ते शेवटचं विजेचं भांडं प्लगला लावलं कुणी, ते सांग आधी.

ऑरिन : मी फक्त माझ्या बीन्सचं लावलं. आधीच ओळीनं डझनभर लागलेली होती.

विनी : ती लागलेली होती तोवर दिवेही लागलेले होते.

कोरीन : कमाल आहे हं, बाबा. विजेच्या विरोधात हात वर करायला आलेली झाडून सगळी माणसं विजेची भांडी काखोटीला मारून आली आणि ग्रामसभेचा फ्यूज उडवून बसली. हे मी वृत्तांतात घालणार आहे.

ऑरिन : घाल की. पुढं हेही घाल, की मग विनीनं गॅसची चूल पेटवली तेव्हा कुठं पंचमंडळाच्या पोटात दोन घास गेले. पंच कोरीनबाईंनी तर दोनदा वाढून घेतलं.

कोरीन : मी दोघींचं खाते. आयडा अजून माझंच पिते.

ऑरिन : तिला विचारलंस का, आईचं दूध गॅसवर तापतं की विजेवर? नाही म्हणजे, तुझ्या नियमात बसतं ना ते?

विनी : ऑरिन, बोलण्याच्या नादात एकाच ताटाला तिसऱ्यांदा साबण लावतोयस.

ऑरिन : डाग जात नाहीये.

विनी : नक्षी आहे ती.

कोरीन : द्या इकडं, मी पुसते. आणि मावशी, हसू नका. हा नियम कुणी काढला हो? दुपारच्या विषयावर जे दोघं समोरासमोर, त्यांनी सुट्टीत मिळून भांडी घासायची. बापाशी भांडायचं तर भांडायचं, वर त्याच्या हातची निसरडी ताटंही झेलायची.

विनी : ज्यानं काढला तो शहाणा होता, पोरी. माणसाचे हात पाण्यात असले की त्याला बोट नाचवता येत नाही. एका वर्षी कुंपणावरून भांडणारे दोघं इथं एकत्र घासायला बसले आणि सोयरे होऊन वर गेले.

ऑरिन : आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच पोरांच्या घटस्फोटावरून परत इथंच आले. ते पण सांग.

विनी : पण बापलेकीची जोडी या मोरीवर मी पहिल्यांदाच बघतेय. वर पाय-पेस्ट्री लावून पैजा चालल्यात. सफरचंदाचा पाय ऑरिनवर, भोपळ्याचा कोरीनवर.

ऑरिन : भोपळाच मिळायचा तिला. कोरे, तुला एक सांगू? या गावात वीज म्हणजे पाहुणी. आली तर आली. जरा वारा सुटला की सगळ्यांत आधी तीच चपला घालते. आणि तू तिला घरची मालकीण करायला निघालीस. नवं घर बांधायचं तर चूल विजेची, आंघोळीचं पाणी विजेचं, ऊब विजेची. गॅसच्या टाकीला अंगणात जागा नाही. का? तर शहरातल्या कुणीतरी तुला सांगितलं.

कोरीन : शहरातल्या कुणी नाही सांगितलं.

ऑरिन : मग कुणी? आकाशवाणी झाली?

कोरीन : दुपारी कळेल.

ऑरिन : दुपारी मी बोलल्यावर तुला बोलायला काही उरणार नाही. मी सरळ डिसेंबरचं वादळ काढणार. तीन दिवस तार जमिनीवर. आणि तुझा बाप काय करत होता? ट्रकची बॅटरी काढली, घर तापवायच्या भट्टीच्या पंख्याला जोडली, गॅस सोडला आणि बाह्या वर सारून खुर्चीत बसला. घाम फुटला होता मला, घाम! दुसऱ्या रात्री तर खिडकी किलकिली करावी लागली.

विनी : हं.

ऑरिन : हं काय?

विनी : खोकला आला.

ऑरिन : खोकला असा असतो?

विनी : माझा असाच असतो. तू सांग. खिडकी किलकिली केलीस, पुढं?

ऑरिन : पुढं काय... झालं. दुकानात सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, तरी लोक म्हणतात परत सांग.

कोरीन : म्हणणारच. तीस हिवाळे तू त्यांच्या दारापुढचा बर्फ ओढलास. तू बोललास की निम्मं गाव हात वर करतं, आणि उरलेलं निम्मं, तू आपल्याकडं बघतोयस का ते बघून करतं. तू हे वर सांगितलंस की माझा ठराव पडला, मला माहितीय. म्हणून मी तुझ्याआधी बोलायला मागणार आहे. मीही तेच वादळ सांगणार. फक्त दाराच्या बाहेरच्या बाजूनं.

ऑरिन : बाहेरच्या म्हणजे?

कोरीन : मी वर आले होते तुझ्याकडं. दुसऱ्या दिवशी, दुपारी.

ऑरिन : हां, ते खालचा गोठेवाला पेल्की म्हणाला. दार वाजवून गेलीस. मी सांगितलं ना तुला, मी झोपलो होतो. मला झोप लागली की माझ्या छातीवरून बर्फाची गाडी गेली तरी...

कोरीन : दार वाजवून गेले नाही मी, बाबा. दारापर्यंत पोचलेच नव्हते आधी. वाऱ्यानं बर्फ कडीच्या वर रचला होता आणि त्यावर बर्फाचाच पापुद्रा, काचेसारखा. आयडा छातीशी, अशीच, वरून नवऱ्याचा, विल्यमचा कोट. एका हातानं तिचं डोकं धरलेलं आणि दुसऱ्या हातानं उकरत होते. ट्रक अंगणात उभा. पत्रपेटीच्या खांबावर बादली नाही. बादली नाही, म्हणजे बाबा घरातच. हे तूच शिकवलंस ना आख्ख्या गावाला? वादळात घर सोडून दुसरीकडं गेलात तर मेपलच्या झाडाचा रस गोळा करायची रिकामी बादली खांबावर उलटी टांगायची, म्हणजे शोधायला येणारा माणूस फुकट जीव धोक्यात घालणार नाही. मला मोजे घालता येत नव्हते तेव्हापासून हे येतंय. बर्फाच्या गाडीत मांडीवर बसवून खांब दाखवायचास. बादली असेल तर पुढं चला. नसेल तर भोंगा वाजवा, माणूस दिसेपर्यंत हलायचं नाही.

विनी : शाळेची बस चालवायचे तेव्हा मी पण पोरांकडून तेच पाठ करून घ्यायचे.

कोरीन : बादली नव्हती. म्हणून मी हलले नाही. हाका मारल्या. तू ओ देईनास. मग मागच्या भिंतीला गेले, तर भट्टीचा धुराचा पाइप बर्फाखाली. पुरता गाडलेला, बाबा. हातानं मोकळा केला आणि त्या पाइपात तोंड घालून ओरडले. वेड्यासारखी. "बाबा, खिडकी उघड." परत परत तेच.

ऑरिन : पाइपात ओरडलीस?

कोरीन : हसू नकोस.

ऑरिन : नाही हसत.

कोरीन : मग आयडा रडायची थांबली. एवढा वेळ रडत होती ते बरं वाटत होतं मला, रडतेय म्हणजे ठीक आहे. ती थांबली, म्हणून कोट उघडून बघितलं तर ओठ जांभळे. तेव्हा... तेव्हा मी तुला सोडून आले.

विनी : अगं बाई.

कोरीन : आत तू धुरात पडलायस अशी खात्री होती माझी. आणि मी पाठ फिरवली आणि उतार उतरायला लागले. पेल्कीच्या गोठ्यापर्यंत एकदाही मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर परत फिरले असते. पेल्की ट्रॅक्टर घेऊन निघाला, पण झाड आडवं पडलेलं, सकाळपर्यंत त्याला वर जाताच आलं नाही. ती रात्र मी... जाऊ दे. सकाळी तो येऊन म्हणाला, "म्हातारा अंगणात फावडं मारतोय, म्हणतो झोप लागली होती." झोप! पाइप बुजलेला, भट्टी चालू, आणि माझ्या हाका ऐकू न येण्याइतकी झोप? त्याला झोप म्हणत नाहीत, बाबा. तो विषारी वायू असतो. मी पाइप मोकळा केला म्हणून तू उठलास.

ऑरिन : कोरे...

कोरीन : त्या दिवशी घरी आले आणि रात्री आयडाला पाजता पाजता हा ठराव लिहायला घेतला. कुणा शहरवाल्यानं नाही सांगितलं मला. म्हटलं, जुन्या घरांचं काय करायचं ते देव बघेल, पण या गावात नवं घर उभं राहील त्याच्या भिंतीत असला पाइप असणार नाही. हे मी वर सांगणार. नाव घेऊन सांगणार. माझे बाबा मरता मरता वाचले आणि त्यांना ते कळलंही नाही. मग बघू सफरचंदाचा पाय कोण खातं.

ऑरिन : हे वर नको सांगूस.

कोरीन : का? तू घाम सांगणार, मी धूर सांगणार.

ऑरिन : तसं नाही. म्हणजे... तो वायूबियू नव्हता. मला काही झालं नव्हतं.

कोरीन : तुला कसं कळणार? तू बेशुद्ध होतास!

ऑरिन : नव्हतो गं बेशुद्ध! चांगला शुद्धीत होतो. पत्ते... 

कोरीन : पत्ते?

ऑरिन : पत्ता लागत नाही त्या वायूचा, असं म्हणत होतो.

विनी : ऑरिन, हात पूस.

ऑरिन : अजून दोन परातींचा ढीग आहे.

विनी : हात पूस. इतका वेळ ओल्या हातानं थापा मारल्यास, आता कोरड्या हातानं खरं सांग. नाहीतर मी सांगते. आणि मी सांगायला लागले तर सगळंच सांगेन, सूप किती वेळा मागून घेतलंस इथपासून.

कोरीन : कसलं सूप?

विनी : वाटाण्याचं. हॅम घातलेलं.

ऑरिन : विनी, तू म्हणाली होतीस की कुणाला...

विनी : मी म्हटलं होतं, तू सांगेपर्यंत मी सांगणार नाही. मला वाटलं, आठवडाभरात सांगशील. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दुकानात उभा राहून माझ्या भिंतीवरच्या बॅटऱ्यांना तू शवपेट्या म्हणालास. तेही गिळलं मी. पण ही पोर तीन महिने काळजात असला दगड घेऊन फिरतेय हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर कॅलेंडरचं पान उलटायच्या आत तुझ्या कानाला धरून तिच्या दारात उभं केलं असतं.

कोरीन : बाबा. तू कुठं होतास?

ऑरिन : ट्रकची बॅटरी जोडली, ते खरं आहे.

कोरीन : कुठं होतास?

ऑरिन : जोडली आणि फट्ट झालं. निळी ठिणगी एवढी मोठी. पंख्याची तार वितळली, बॅटरी बसली, ट्रक मेला. पंखा नाही तर भट्टी पेटतच नाही, तिला तसलं काहीतरी कुलूप असतं. गॅसची टाकी गच्च भरलेली, आणि मी तिच्याकडं बघत कुडकुडतोय. कुलूप लावलेल्या बेकरीसमोर भुकेला उभा असतो ना, तसा.

कोरीन : आणि लाकडाची शेगडी? आईची?

ऑरिन : तिच्या धुराड्यात खारीनं बिऱ्हाड केलंय. दोन वर्षं झाली.

कोरीन : दोन वर्षं! प्रत्येक वेळी विचारलं की म्हणतोस, परवाच पेटवली.

ऑरिन : लाकडं कोण फोडणार? कंबर वाकत नाही माझी. कुऱ्हाड वर जाते, खाली येताना मी तिच्यामागनं जातो. हे मी तुला सांगू? तू लगेच मला उचलून तुझ्या घरी नेऊन ठेवलं असतंस, खिडकीतल्या कुंडीसारखं. म्हणून मग बर्फावर चालायचे जोडे घातले आणि डोंगर ओलांडून मागच्या उतारानं उतरलो. विनीच्या खिडकीत दिवा होता. सगळ्या खोऱ्यात तेवढा एकच.

कोरीन : विनीमावशींकडं होतास.

विनी : दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुझं बरं चाललंय ना, बघायला आलो." भुवयांवर बर्फ, दात वाजतायत आणि मला विचारतोय बरं चाललंय का. मी म्हटलं, बरं चाललंय, आत ये आणि तुझंही चालू कर.

कोरीन : तीन दिवस?

ऑरिन : दोन रात्री. वेगळ्या खोलीत.

विनी : तिनं ते विचारलं नव्हतं, ऑरिन.

कोरीन : म्हणजे मी त्या पाइपात ओरडत होते तेव्हा तू...

विनी : तेव्हा तो सलग चौथा डाव हरत होता. माझा घर तापवणारा हीट पंप चालू होता, बॅटरीवर. बाह्या वर सारल्या होत्या ते मात्र खरं आहे. घामही फुटला होता, पण तो पत्त्यांमुळं.

कोरीन : आणि बादली?

ऑरिन : ती परात राहिलीय अजून, दे इकडं.

कोरीन : बाबा, मी बादली विचारतेय. घर सोडलंस, खांब अंगणातच आहे, बादली कोठीच्या दारामागं असते. टांगायला किती वेळ लागतो?

ऑरिन : हातात घेतली होती.

कोरीन : मग?

ऑरिन : मग वाटलं, टांगली तर पेल्की बघणार. पेल्कीनं बघितलं की दुकानात कळणार. ऑरिन थिबो घर सोडून गेला. कुठं गेला? बर्फावर पावलं कुठं जातात? विनीकडं. विनीकडं काय आहे? ज्या डब्यांना तो हसतो ते डबे. मी परत ठेवली दारामागं. म्हटलं एक रात्र तर काढायचीय, कोण येतंय एवढ्या वादळात वर.

कोरीन : मी.

ऑरिन : हो.

कोरीन : मी आले वर.

ऑरिन : हो गं. ऐकलं मी. अख्खं गाव बादली टांगतं का ते तीस वर्षं बघत फिरलो, आणि माझीच... रागाव. ते ताट फेकून मार हवं तर.

कोरीन : गावाचं ताट आहे. फुटलं तर मलाच ठराव आणावा लागेल. ... मावशी, जरा आयडाला घेता?

विनी : आण इकडं. ये गं माझी साखर. बघ कशी टकामका बघते. आजोबावर गेलीय अगदी, चोर.

ऑरिन : रडू नकोस, कोरे.

कोरीन : रडत नाहीये. साबण गेला डोळ्यात. मूर्ख माणूस आहेस तू. मला वाटलं मी तुला मरायला सोडलं. रोज वाटायचं. तुझ्याशी फोनवर बोलताना सुद्धा वाटायचं. आणि तू पत्ते खेळत होतास. एक तरी डाव जिंकायचास!

ऑरिन : ती लबाडी करते.

विनी : लबाडी मी करते? मी?

ऑरिन : पण मला एक कळत नाही. तेव्हापासून डोक्यात आहे. तू तान्ह्या पोरीला घेऊन, त्या वादळात, वर आलीसच कशाला?

कोरीन : तुला बघायला.

ऑरिन : मला बघायला विल्यमला पाठवलं असतंस. नाहीतर एकटी आली असतीस. पोर का आणलीस?

विनी : तू पण हात पूस, पोरी.

कोरीन : कोरडेच आहेत माझे. ... घर गारठलं होतं. आमचं नवं घर, सगळं विजेचं, पंचांचं आदर्श घर. जाड भिंती, तिहेरी काचा. पहिला दिवस निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आयडाच्या पाळण्यात माझा श्वास दिसायला लागला. बॅटरी घेतली नव्हती आम्ही. पुढच्या वर्षी घेऊ म्हटलं होतं. म्हटलं बाबाकडं गॅस आहे, बाबाकडं ऊब असेल. म्हणून आले.

ऑरिन : थांब, थांब. म्हणजे विजेवाली गॅसवाल्याकडं ऊब मागायला निघाली...

विनी : आणि गॅसवाला डोंगर उतरून विजेवालीकडं येऊन बसला होता.

ऑरिन : तिच्यायला!

कोरीन : हसू नका दोघं. मला हसू येतंय.

ऑरिन : आणि रात्र कुठं काढलीस शेवटी? पेल्कीच्या घरात?

कोरीन : त्याच्या घरात पण बाहेरच्याइतकीच थंडी. त्याची बायको आम्हाला गोठ्यातच घेऊन गेली. साठ गाई, बाबा. दारं लावलेली, वाफ निघतेय, शेणाचा वास. कोट काढून ठेवावा लागला, खरंच. गवतावर पडले, आयडा माझ्या पोटावर, आणि पाठीला एक वासरू. ती रात्रभर झोपली. पहिल्यांदा, जन्मल्यापासून. मी एकटी जागी. तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास बघायचे आणि मनात तुला हाका मारायचे. गाय ना गॅसवर चालते ना विजेवर. हे मी ठरावात कुठं घालू?

विनी : आधी वर काय बोलणार ते ठरवा. सुट्टी संपल्याची घंटा घेऊन एल्टन जिन्याशी उभा आहे, मला त्याचे बूट दिसतायत. ऑरिनचा घाम गेला, कोरीनचा धूर गेला. भाषणं दोघांचीही संपली.

ऑरिन : माझं तर लिहून आणलेलं होतं. कुठं गेला कागद? इथं ठेवला होता.

विनी : त्यानं मी कढई उतरवली. हात भाजत होता.

ऑरिन : माझं भाषण!

विनी : चांगलं जाड होतं. उपयोगी पडलं.

कोरीन : बाबा, मी ठराव मागं घेते. खोट्यावर उभा आहे तो.

ऑरिन : का घेतेस? तुझं घर गारठलं ते तार तुटली म्हणून, माझं गारठलं तेही तार तुटली म्हणून. टाकी भरलेली असून. विनीचं नाही गारठलं. मग गॅस की वीज यावरून आपण काय मोरीत उभं राहून भांडतोय? नवी घरं विजेची बांधा, बांधा बापडे. पण खाली एक ओळ घाल. तार तुटल्यावरही घरातली एक खोली तरी उबदार राहील अशी सोय दाखवल्याशिवाय परवानगी नाही. बॅटरी म्हणा, लाकडाची शेगडी म्हणा, नाहीतर पेल्कीची गाय म्हणा.

कोरीन : गाय नाही घालता येणार.

ऑरिन : का? जिवंत आहे, खाते, ऊब देते. तुझ्या नवऱ्यापेक्षा काय वाईट?

कोरीन : बाबा! ... ज्यांना बॅटरी परवडत नाही त्यांचं काय?

ऑरिन : त्यांच्यासाठी दुसरी ओळ. प्रत्येक रस्त्यावर एक घर गावानं ठरवायचं, ज्यात ऊब असेल आणि ज्याचं दार वादळात उघडं राहील. आमच्या बाजूला ते घर कुठलं, ते सगळ्यांना... म्हणजे, विनीची हरकत नसेल तर.

विनी : मला विचारतोयस? माझं दार तसंही उघडंच होतं. तीन महिने.

ऑरिन : ...मला वाटलं, तू रागावली असशील. शवपेट्यांवरून.

विनी : रागावलेच होते. रागावलेल्या माणसाकडं यायचं असतं, ऑरिन. लपायचं नसतं.

कोरीन : मी बाहेर जाऊ का जरा?

विनी : उभी राहा तिथंच. ताटं कोण पुसणार?

कोरीन : म्हणजे दुरुस्ती बाबा मांडणार. सूचक ऑरिन थिबो. अनुमोदक कोण?

विनी : मी.

कोरीन : सूचक ऑरिन, अनुमोदक विनी. मावशी, वर पाय खाता खाता माणसं गुदमरतील.

विनी : गुदमरू देत. अग्निशमन दल वरच बसलंय.

ऑरिन : आणि लोक विचारतील, तू तर ट्रकच्या बॅटरीवर बसला होतास, तुला आज हे कुठनं सुचलं?

कोरीन : मग? काय सांगशील?

ऑरिन : सांगेन, भट्टी पेटली नाही, मी विनीकडं होतो, आणि मी बादली टांगली नव्हती. तिन्ही सांगेन. पहिली दोन ऐकून हसतील. तिसरं ऐकून हसणार नाहीत.

विनी : पत्त्यांत हरलास ते?

ऑरिन : ते विचारल्याशिवाय नाही सांगणार.

कोरीन : घंटा झाली. बाबा, मावशींकडून हिला घे. मला केस बांधायचेत, अशीच वर जाऊ का?

ऑरिन : हात ओले आहेत माझे.

कोरीन : पूस ना मग.

ऑरिन : ये गं आजीबाई. ... पाय केवढे गरम आहेत हिचे.

कोरीन : तिच्या आईनं आज दोनदा वाढून घेतलंय ना. चल. आणि ऐक, परत घरातून पाय बाहेर काढलास, वादळ असो नसो, तर आधी बादली. कोण बघतंय त्याची पर्वा नाही करायची.

ऑरिन : टांगीन.

कोरीन : शपथ?

ऑरिन : हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो.

विनी : आणि वादळ सरल्यावरही माझ्याकडून परत गेला नाहीस तर?

ऑरिन : तर राहू दे बादली तिथंच टांगलेली. खांबाला तेवढीच शोभा.